दूध सोडलं, पण वजनाचा काटा हलेना

पत्र

ताई, माझं वय ३३. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. थायरॉईडची गोळी चालू आहे. माहेर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात. घरी चार म्हशी आहेत, दूध डेअरीला जातं. या उन्हाळ्यात मी तिथं असताना एक म्हैस व्याली आणि रेडा झाला. त्याला दोन-चार घोट पाजले आणि लांब बांधला. आठवड्याभरात तो गेला. म्हैस पान्हा सोडेना, म्हणून तिला रोज इंजेक्शन टोचायला लागले. तेव्हापासून माझ्या घशाखाली दूध उतरत नाही. मटण आधीच सोडलं होतं, आता दूध, दही, तूप, अंडी सगळंच सोडलं. मग मोबाईलवर पाहिलं, की व्हीगन झालं की महिन्यात दहा किलो उतरतात. म्हटलं, दोन्ही गोष्टी एकदम साधतील. पण दोन महिने झाले आणि वजन साडेचौऱ्याहत्तर!

सकाळी नारळाच्या दुधात केळं आणि खजूर घालून घेते. दुपारी भात-आमटी. चारला शेंगदाण्याचे दोन लाडू, नाहीतर चिवडा. रात्री चपाती आणि बटाट्याची भाजी. सोमवारी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. चहा कोरा, पण दिवसाला पाच कप होतात. सासूबाई म्हणतात, हाडं ठिसूळ होतील. आई म्हणाली, 'याच दुधाच्या बिलावर तुझं कॉलेज झालं.' त्यावर मला बोलता आलं नाही. सहा वर्षांच्या मुलीचंही दूध बंद करावं का? पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार आहे. आणि खरं सांगू, वजन उतरत नसेल तर हे सगळं कशाला, असं वाटायला लागलंय.

उत्तर

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचा गुंता तिथूनच सुरू झालाय.

दूध तुम्ही रेडकासाठी सोडलंत. वजन त्या व्हिडिओनंतर आलं, हे तुम्हीच लिहिलंय. मग काटा हलला नाही म्हणून उद्या दूध पुन्हा सुरू केलंत, तर गोठ्यात जे पाहिलंत ते बरोबर ठरेल का? नाही ठरणार. तुम्ही ७४ किलोच्या असा नाहीतर ५८ च्या, ते चूक वाटलं ते चूकच आहे. आणि दुसऱ्या बाजूनेही बघा: वजन उतरवायला दूध सोडावंच लागतं असं नाही. दूध-दही खाऊन वजन उतरवलेली माणसं आहेत आणि थेंबभर दूध न घेता वाढवलेलीही आहेत. ही दोन वेगळी कामं आहेत. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत मांडलात की दोन्ही बुडणार. म्हणून मी दोन्हींबद्दल वेगवेगळं लिहिते, आणि तुम्हीही मनात ती वेगळीच ठेवा.

आधी वजन. तुम्ही रोजचं खाणं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, त्यात सगळं दिसतंय. पूर्वी दिवसाला साधारण अर्धा लिटर म्हशीचं दूध तुमच्या पोटात जात असेल असं धरू. चहा, दही, ताक, वर साय. त्यातून पाचशेच्या आसपास उष्मांक मिळायचे. आता सकाळच्या त्या पेल्यात काय आहे? वाटीभर घट्ट नारळाच्या दुधाचेच तीनशेच्या वर होतात. त्यात केळं, चार खजूर. म्हणजे पाचशे गेले आणि पाचशे आले. चारच्या दोन लाडवांचे तीनशे वेगळे. पाच कप कोऱ्या चहात कपाला दोन चमचे साखर असेल, तर दिवसाची पन्नास ग्रॅम साखर झाली, तिचे दोनशे. वजन का उतरावं?

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या अर्ध्या लिटर दुधासोबत तुमच्या ताटातली अठराएक ग्रॅम प्रथिनं गेली, आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. केळं, खजूर, भात, बटाटा, साबुदाणा ही सगळी पिष्ट आणि साखर. आमटी आहे, पण भातावर घ्यायची पातळ आमटी म्हणजे माणशी मूठभरही डाळ नसते. प्रथिनं कमी पडली की जेवून दोन तास होत नाहीत तोच पोट पुन्हा मागायला लागतं. चार वाजता लाडू आठवतो तो यामुळे. यात तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा काही भाग नाही, तेव्हा स्वतःला दोष देणं आजपासून बंद करा.

प्राणिज काही नाही एवढ्यानं पदार्थ हलका होत नाही. वडापाव, कांदाभजी, मिसळीवरचा कट, शेव, फरसाण, साखर, मैदा यातलं सहसा काही गाई-म्हशीकडून येत नाही. न्यूझीलंडमधल्या गिस्बोर्न गावी एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. जाड माणसांना प्राणिज पदार्थ पूर्ण वर्ज्य करून, पोट भरेपर्यंत जेवायला सांगितलं होतं. सहा महिन्यांत सरासरी बारा किलो उतरले आणि वर्षअखेर त्यातले बहुतेक उतरलेलेच राहिले. अशा बातम्यांवरूनच ते व्हिडिओ निघतात. पण त्या माणसांचं तेल जवळजवळ बंद होतं, नारळ आणि दाणे अगदी बेताचे होते, आणि धान्य-कडधान्य अख्खं, न सडलेलं होतं. बी१२ ची गोळीही त्यांना रोज दिली जात होती. व्हिडिओत या गोष्टी सांगत नाहीत. आणि तिथंही बारा किलोंना सहा महिने लागले. महिन्यात दहा किलो उतरवणारं जेवण तुम्हाला कुणी सांगितलं, तर ते खाऊ नका. त्यानं केस गळतील, मांस झडेल आणि पुढच्या तीन महिन्यांत वजन सगळं परत येईल.

तुमच्यासाठी आठवड्याला पाव ते अर्धा किलो पुरे. पहिला टप्पा ७० किलो. एवढं उतरलं तरी साखर, रक्तदाब, पाळी यांच्यात फरक पडायला लागतो. काट्यासोबत टेपही ठेवा: आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात, कारण आपली चरबी पोटावर आधी साठते. काही आठवडे काटा थांबला तरी कंबर उतरत असते. आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून बऱ्याच दिवसांत पाहिलं नसेल तर आधी ते पाहा. गोळीचा डोस कमी पडत असला तर जेवणात कितीही फेरफार करा, वजन जड हलतं.

आता ताट. कोल्हापुरात यासाठी काही नवं शिकावं लागत नाही. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, झुणका, वांग्याचं भरीत, भरली वांगी, मेथीची पीठ पेरून केलेली भाजी, ठेचा. यात दूध नव्हतंच कधी. महागडे बदामाच्या दुधाचे डबे आणू नका. त्यात बदाम नावालाच आणि पाणी फार असतं. सकाळचा नारळाचा पेला बंद करा आणि त्या जागी मुगाची दोन धिरडी खा, चटणीसोबत, किंवा वाटीभर मोड आलेली मटकी परतून. दुपारी भात अर्धा करा, आमटीऐवजी घट्ट वरण वाटीभर, सोबत उसळ, कच्ची कोशिंबीर, वर लिंबू. लिंबाचं महत्त्व चवीपुरतं नाही, त्यानं कडधान्यातलं लोह अंगी लागतं. उलट जेवणासोबतचा किंवा जेवणानंतरचा लगेचचा चहा ते अडवतो, म्हणून तासभर थांबा. चारला मूठभर फुटाणे. रात्री नाचणीची भाकरी आणि सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा. तोच तुमचा कांदा-लसूण मसाला, तसाच झणझणीत, फक्त तर्री नको. कोरड्या वड्यांत शंभराला पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. तीस ग्रॅम भिजवल्यात तरी दुधातून गेलेल्यातली बरीचशी भरून निघतात.

सोया रात्री सांगितलं त्याला कारण आहे. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली जाते आणि सोया तिच्या जवळ आला की ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू झाली तर तीही चार तास लांब ठेवा. मीठ आयोडीनचंच वापरा. वजन उतरवायचं म्हटलं की घरात सैंधव येतं. तुम्ही ते आणू नका, कारण दुधातून थोडं आयोडीन मिळायचं तेही आता थांबलंय.

तेलाचं मोजमाप महिन्याच्या डब्यावर करा. घरात किती माणसं आणि डबा किती दिवसांत संपतो ते पाहा. माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास आलात तर उत्तम. शेंगदाण्याचं कूट सोडू नका, पण भाजीत चमचाभर घाला, वाटीभर नको. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी करा, नाहीतर बेताची भगर. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि त्यावर दाणे आणि तेल. दोन उपास आले की आठवडाभराची मेहनत त्यात जाते. चहातली साखर कपाला अर्ध्या चमच्यावर आणा, किंवा दोन कप कमी करून गवती चहा आणि आलं घालून नुसतं पाणी उकळून प्या. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे.

सासूबाईंचा हाडांचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. त्यांची काळजी खरी आहे. त्याचं उत्तर तुमच्या ताटात दिसू दे. बाईला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत. दोन मोठे चमचे पांढरे तीळ भाजून चटणीत घातले तर आणखी दोनशेच्या आसपास मिळतं. शेवग्याचा पाला, मेथी यातूनही चांगलं येतं. पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही. सकाळी उशिराच्या उन्हात हात उघडे ठेवून थोडा वेळ बसा, आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. हे एवढं केलंत तर सासूबाईंच्या हाडांपेक्षा तुमची हाडं मागे राहणार नाहीत. जवसाची आणि कारळ्याची चटणी रोज चमचाभर असू दे, माशातून मिळणाऱ्या चांगल्या तेलाची काहीशी उणीव जवस भरतो.

एक गोष्ट कुठल्याही भाकरी-चटणीतून मिळत नाही, ती म्हणजे बी१२ जीवनसत्त्व. माझं बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते प्राण्यांमार्फतच पोचतं. वनस्पतीत ते भरवशाचं नसतं. आंबवलेल्या इडलीत असतं, न धुतलेल्या भाजीत असतं, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पावडरीत असतं असं तुम्हाला सांगणारे भेटतील. इडलीच्या पिठावर आणि मातीवर विसंबून आकडा सावरलेला मी पाहिलेला नाही, आणि स्पिरुलिनातलं जे असतं ते बहुतांशी शरीराला वापरता येत नाही. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे नखाच्या टोकावरही दिसणार नाही इतकी. यकृतात साठा असतो, तो काही वर्षंही पुरतो, आणि फसगत होते ती इथंच. दोन महिन्यांत, सहा महिन्यांत काही जाणवत नाही. मग पायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा, आणि तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असते. ती कधीकधी पूर्ण भरून येत नाही.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासा: बी१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, टीएसएच. गोळी घेऊन मग तपासलंत तर आकडा फुगलेला येतो आणि खरी कमतरता कळत नाही. आकडा चांगला असला तरी गोळी लागणारच, आयुष्यभर. रोज पन्नास मायक्रोग्रॅमच्या आसपासची, किंवा आठवड्यातून एकदा दोन हजारची, असे डोस सहसा चालतात. आकडा कमी असेल तर डॉक्टर जास्त देतील, कधी इंजेक्शनही. औषधाच्या कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं आहे म्हणून ते नाकारू नका. इंग्लंडमध्ये १९४४ साली व्हीगन सोसायटी स्थापन झाली, तिच्या आजच्या व्याख्येतसुद्धा 'शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर' हे शब्द आहेत. घरातल्या कोल्हापुरी चपला आणि लग्नातली रेशमी साडी यांनाही तोच न्याय लावा. आहेत त्या टाकून कुणाचाच जीव वाचत नाही.

बाजारातल्या पाकिटाचं थोडक्यात सांगते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध असू शकतं. बिस्किटांत, पावात, फरसाणाच्या मसाल्यात दुधाची पावडर सापडते. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या रंगातलं पान असलेल्या 'व्ही' अक्षराचं वेगळं चिन्ह आहे, ते पाहा. नसेल तर घटकांची यादी वाचा.

आता घर. तुमच्या सासरी एखादे माळकरी आजोबा असतील, किंवा शेजारी तरी असतीलच. त्यांनी तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून घरातल्या मटणाच्या भांड्याला हात लावला नाही, आणि कुणी त्यांना 'अंगात काय राहील' म्हणून विचारलं नाही. त्यांचं वाढणं वेगळं होतं आणि घर चालतं. चातुर्मासाच्या जुन्या व्रतांत तर एक महिना दही वर्ज्य आणि एक महिना दूध वर्ज्य असतो. दधिव्रत आणि क्षीरव्रत हे शब्द सासूबाईंनी कीर्तनात ऐकले असतील. सांगायचं हे, की एका माणसानं काही खाणं सोडणं आपल्या घरांना परकं नाही. परकं वाटतं ते सोडणाऱ्यानं बाकीच्यांना पापी ठरवणं. माळकरी आजोबा जेवताना मटण खाणाऱ्या नातवाला भाषण देत नाहीत. तुम्हीही देऊ नका. नवऱ्याला अंडी हवी असतील तर तुम्हाला जमेल तेवढं करा, नाही जमत तर शांतपणे सांगा, 'हे मला होणार नाही, तुम्ही उकडून घ्या.' नैवेद्याच्या ताटात सासूबाईंचं तूप असू दे. प्रसाद म्हणून हातावर पंचामृताचा थेंब आला तर घ्यायचा की कपाळाला लावून ठेवायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर कपाळाला लावलं असतं.

आईचं वाक्य सगळ्यात जड आहे, आणि ते खरंही आहे. दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल हा कितीतरी घरांतल्या बाईच्या हातात पडणारा एकमेव नगद पैसा असतो. उसाचं बिल वर्षाकाठी येतं आणि ते बहुतेक सोसायटीच्या कर्जात वळतं होतं. पहाटे उठून शेण काढणं, वैरण, धारा हे सगळं आईनं केलं, आणि त्यातूनच तुमची फी गेली. तुम्ही दूध सोडलंत ते त्या कष्टांचा धिक्कार म्हणून नाही, हे तिला आधी सांगा. शब्दांत सांगा, तिला ते कळलं असेल असं धरून चालू नका.

आणि तरीही तुम्ही पाहिलंत ते खोटं नाही. म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्याली की निम्म्या वेळा रेडा होतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात माद्या म्हशी दहा कोटींहून जास्त होत्या आणि नर एक कोटीपेक्षाही कमी. जन्माला तर जवळजवळ सारखे येतात. बाकीचे कुठे गेले? काही कत्तलखान्यात, आणि बरेच तुमच्या माहेरी गेलं तसे, भुकेनं, गोठ्याच्या कोपऱ्यात. शेतात ट्रॅक्टर आल्यावर रेड्याला काम उरलं नाही आणि त्याच्या वाट्याचं दूध विकलं तर पैसे मिळतात. तुमची आई क्रूर बाई नाही. चार म्हशींच्या हिशेबात पाचवं तोंड बसत नाही म्हणून हे होतं. मला ते ऐकवत नाही, आणि तुम्हालाही बघवलं नाही, त्यात काही हळवेपणा नाही.

तुम्ही पेलाभर दूध सोडल्यानं माहेरच्या गोठ्यात फरक पडणार नाही. पण तुम्ही त्या घरच्या लेक आहात, गावातल्या इतर कुणापेक्षा तुमचं तिथं जास्त ऐकलं जाईल. तीन गोष्टी आईजवळ काढा, भांडून नाही, तिच्याबरोबर धारेला बसून.

पहिली, चिकाची. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत वासराच्या पोटात चीक गेला नाही तर त्याला रोगाशी झुंजायचं बळच मिळत नाही, कारण आईच्या पोटात असताना ते त्याला मिळालेलं नसतं. रेडा असो की पारडी, चीक पोटभर पाजायचा, आणि उरला तर खरवस करायचा. त्याचा खर्च फार नाही.

दुसरी, इंजेक्शनची. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमात, दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपाय करणारं इंजेक्शन टोचणं हा गुन्हा आहे. कायद्याचा धाक आईला घालू नका, पण टोचणाऱ्या माणसाला तो माहीत असायला हवा. वासरू जवळ बांधलं, आधी त्याला दोन सडं दिली, अंगावरून हात फिरवला की बहुतेक म्हशी पान्हवतात. तुमच्या आजीच्या वेळी तसंच चालायचं.

तिसरी, पुढच्या वेळी म्हैस माजावर आली की पशुवैद्यकाकडे लिंगनिर्धारित रेतमात्रा (मादीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) मिळते का ते विचारा. त्यातून दहात नऊ वेळा पारडीच होते. सरकारी योजनेतून ती सवलतीत मिळते, आणि आईच्याही ते फायद्याचं आहे. तुम्ही दूध पिणार नाही हे ठरलेलंच आहे, तरी जन्माला येऊन उपाशी मरणारी दोन रेडकं यातून कमी झाली तर मला तुमच्या दूध सोडण्याइतकंच ते मोलाचं वाटतं. यावर कडक व्हीगन मंडळी माझ्याशी वाद घालतील, कारण दूधधंदा सुधारण्यात त्यांना अर्थ वाटत नाही. पण त्यांना तुमच्या आईच्या घरचं रेशन भरायचं नाही.

मुलीचं दूध बंद करू नका. ती सहा वर्षांची आहे, वाढीचं वय आहे, आणि हा निर्णय तिचा नाही. पुरतं नियोजन, बालरोगतज्ज्ञांची देखरेख आणि नियमित बी१२ असेल तर मुलंही असं वाढू शकतात, पण तुमचं स्वतःचंच ताट अजून बसलेलं नाही. ते बसू दे. तिनं 'आई, तू दूध का पीत नाहीस' असं विचारलं तर खरं सांगा, तिच्या वयाला झेपेल एवढंच. आणि तिच्यासमोर 'मी जाडी आहे' म्हणू नका, काट्यावर तिच्या देखत उभ्या राहू नका. सहा वर्षांची मुलगी तेही शिकते.

राहिलं दुसरं बाळ. यासाठीच मी बी१२ वर इतकं अडून बसले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा. गरोदर बायका आणि त्यांची मुलं, अनेक वर्षं. त्या बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत बी१२ कमी निघालं, आणि त्या व्हीगन नव्हत्या, घरात थोडंफार दूध होतं. ज्यांचं बी१२ कमी आणि फोलेट (डाळी-पालेभाज्यांतलं एक ब जीवनसत्त्व) मात्र जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली, म्हणजे पुढे मधुमेहाचा धोका. तुमच्या नव्या ताटात डाळी आणि पालेभाज्या वाढल्या की फोलेट आपोआप वाढणार आहे. त्यानं रक्त चांगलं दिसतं आणि बी१२ ची कमतरता झाकली जाते. म्हणून दिवस राहण्याच्या निदान तीन-चार महिने आधी बी१२ आणि टीएसएच दोन्ही जागेवर हवेत, आणि वजन उतरवणं त्याच्या आत थांबवायचं. गरोदरपणात ते काम नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा दूध-अंडी-मटण काहीच खात नाही हे पहिल्याच भेटीत सांगा, आणि त्यांनी फोलिक अॅसिड (फोलेटचीच गोळी) लिहून दिलं की बी१२ चा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवा.